आषाढातला वारा आणि तुझी सायकल

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाक. वाऱ्यात सायकल ओढत नाही म्हणजे तुझ्या पायात दम नाही, असं तुला कुणी म्हटलं असेल तर ते खरं नाही. घरात कुणी बोललं असेल, भावानं चिडवलं असेल, शेजारून मोटारसायकल नेताना एखाद्या पोरानं काहीतरी टाकलं असेल. मनावर घेऊ नकोस. जून निम्मा सरला की ऑगस्ट संपेपर्यंत पळसदेवच्या माळावर जो वारा सुटतो, त्यात चांगल्या धट्ट्याकट्ट्या गड्याची सायकलही जागच्या जागी थांबते. ते त्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून तुला वाटतं की हे तुझ्या एकटीच्याच वाट्याला आलंय.

आपला इंदापूर-बारामतीचा पट्टा पर्जन्यछायेतला. पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा आपला पाऊस सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर रिता करतो आणि आपल्याकडे कोरडा येतो, पण त्याचा जोर काही कमी होत नाही. म्हणून आषाढात आपल्याकडे आभाळ भरलेलं, पाऊस नुसता शिंतडल्यासारखा आणि वारा मात्र दिवसभर. हा वारा बहुतेक पश्चिमेचा, कधी नैर्ऋत्येचा. ही दिशा लक्षात ठेव, पुढचं सगळं गणित तिच्यावर आहे.

वाऱ्याला वेळही असते. पहाटे आणि सकाळी सात-साडेसातपर्यंत तो दमानं असतो. जमीन तापायला लागली की वरच्या थरातला जोरकस वारा खाली उतरतो आणि दुपारी दोन ते पाच या वेळेत सगळ्यात जास्त झोडपतो. दिवस मावळला की पुन्हा पडतो. आता तूच बघ, तुझी वस्ती गावाच्या पश्चिमेला. सकाळी शाळेला जाताना हलका वारा आणि तोही पाठीवर. शाळा सुटल्यावर मात्र भरात आलेला वारा थेट तोंडावर, पोटात दुपारच्या डब्याचं काही उरलेलं नाही आणि दप्तर तेवढंच जड. पूर्वेकडच्या वस्त्यांवरच्या मुलींना वाऱ्याचा त्रास सकाळी, ताज्या अंगानं सोसायचा असतो आणि घरी जाताना पाठीवर वारा मिळतो. तुझ्या वर्गातली एखादी हसत घरी पोचते आणि तू रडकुंडीला येतेस, त्यात दोघींच्या ताकदीचा प्रश्नच नाही. वस्ती कुठल्या बाजूला आहे, एवढाच प्रश्न आहे.

आता थोडं गणित सांगते. तू नववीत आहेस, तुला जमेल. बिनवाऱ्याच्या दिवशी ताशी 15 किलोमीटरनं चाललीस तरी हवा तुला 15 च्या वेगानं लागतेच. समोरून 15 किलोमीटरचा वारा असेल तर तीच हवा अंगावर 30 च्या वेगानं येते. वेग दुप्पट झाला, पण हवेचा विरोध दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे तोच वेग धरायचा हट्ट केलास तर निव्वळ हवेशी झगडायला चौपट जोर लागेल. तेवढा तुझ्याकडे नाही, माझ्याकडे नाही, कुणाकडेच फार वेळ नसतो. म्हणून वेग सोडायचा. ताशी 8 नं जा, 7 नं जा. पाय एका लयीत फिरत राहिले पाहिजेत, धाप लागता कामा नये. शेजारून चालणारा माणूस पुढे गेला तरी जाऊ दे.

दुसरं, जाताना पाठीवर वारा होता म्हणून येतानाची भरपाई झाली असं कधी होत नाही. समज, 10 किलोमीटर जायचं आणि 10 यायचं. वारा नसताना ताशी 15 नं जाऊन-येऊन 80 मिनिटं. वाऱ्यानं जाताना वेग 20 झाला, तर 30 मिनिटं. येताना 10 झाला, तर 60. बेरीज 90. मिळवलं तेवढंच गमावलं असं वाटतं, पण उलट्या वाऱ्यात तू जास्त वेळ असतेस, म्हणून तोटाच राहतो. आईला हे कागदावर लिहून दाखव. उशीर झाला की तिच्या मनात काय काय येतं ते तुला माहीत आहे. तिला आधीच सांगून ठेव की वाऱ्याच्या महिन्यांत तू इतक्या मिनिटांनी उशिरा पोचशील. उशिराचं कारण आधी ठाऊक असलं की घरचे उंबऱ्यात उभे राहून काळजी करत नाहीत आणि तूही घाईनं जीव धोक्यात घालत नाहीस.

समोरचा वारा दमवतो, पण पाडत नाही. पाडतो तो आडवा वारा.

आपला पुणे-सोलापूर महामार्ग भिगवणकडून इंदापूरकडे आग्नेयेला उतरत जातो. म्हणजे नैर्ऋत्येचा वारा या रस्त्याला बरोब्बर आडवा लागतो. इंदापूरच्या दिशेनं जाताना तो उजव्या अंगाला बसतो. आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं जातो आणि तोल राखायला नकळत उजवीकडे, वाऱ्याच्या अंगावर कलतो. तेवढ्यात उजव्या बाजूनं ट्रक जातो. ट्रकची भिंत मध्ये आली की वारा एकदम बंद होतो. तू तर उजवीकडे कललेलीच असतेस. सायकल ट्रककडे झुकते, आणि ट्रक पुढे गेला की थांबलेला वारा सगळ्या जोरानं परत आदळून डावीकडे ढकलतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत होतं. भिगवणच्या दिशेनं जाताना उलटं, वारा डावीकडून येतो आणि तुला सरळ रस्त्याच्या मधे, गाड्यांच्या बाजूला लोटत राहतो.

म्हणून माझं ऐक, वाऱ्याच्या दिवसांत मुख्य महामार्गावर सायकल घालायचीच नाही. सर्व्हिस रोड आहे तिथे सर्व्हिस रोड, आणि तोही आपल्या बाजूचा. चार पावलं वाचतात म्हणून उलट्या बाजूनं घुसायचं नाही. सर्व्हिस रोड संपला की शेतातली वाट बरी, लांबून पडली तरी. तीही नसेल तर खाली उतरून साईडपट्टीनं सायकल हातात धरून चाल. मागून मोठी गाडी येतेय असं कळलं की पायडल मारणं थांबव, कोपरं थोडी वाकव, हँडल हलकं धर आणि गाडी पुरती जाऊन वारा परत येईपर्यंत तशीच राहा. हँडल आवळून धरलंस की वाऱ्याचा प्रत्येक हिसका थेट चाकात जातो. मोकळ्या कोपरांत तो जिरतो.

गाडी येतेय हे कळणार कसं, हाही प्रश्न आहेच. कानांत वारा भरला की मागचा हॉर्न ऐकू येत नाही, आणि उलट्या वाऱ्यात तर मागचा आवाज मागेच राहतो. त्यात आपण धुळीसाठी स्कार्फ कानांवरून घट्ट बांधतो. तोंड आणि नाक झाक, कान मोकळे ठेव. आणि सरळ रेषेत सायकल ठेवून मान वळवून मागे बघायची सवय वाऱ्याचे दिवस यायच्या आधी घरच्या अंगणात लावून घे. बऱ्याच जणींची मान वळली की हँडलही वळतं. ते सवयीनं जातं. इयरफोन या दिवसांत दप्तराच्या तळाशी.

ऊस हा तुझा मित्र आहे, हे कुणी सांगितलं नसेल. वाटेच्या पश्चिमेला डोक्याच्या वर गेलेला ऊस असेल तर तिथे वारा जवळजवळ लागत नाही. म्हणून वस्तीवरून गावात यायच्या दोन वाटा असतील तर आषाढात उसाकडची धर. पण फड जिथे संपतो, त्या टोकाला सावध हो. आडोसा सुटला की वारा एकदम कुशीत बसतो. विहिरीवरची खोली, कांद्याची चाळ, पुलाची भिंत, सगळ्यांचं तसंच. आडोसा संपायच्या दहा-पंधरा फूट आधी वेग कमी कर आणि वारा ढकलेल त्या बाजूला थोडी जागा ठेवून चाल. महामार्गाच्या पुलाखालून जाताना वारा नळीत शिरल्यासारखा जोर धरतो, तिथे उतरून चाललीस तरी काही बिघडत नाही. पुढे नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले, तोडी आल्या, की फड मोकळे होतात आणि आडोसे जातात. तोवर वाराही नरमलेला असतो, हिवाळ्यात तो पूर्वेकडून येतो, गार असतो पण जोराचा नसतो. तेव्हा सांभाळायचं ते उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांना.

आता अंगावरच्या कपड्यांचं. हे मी तुला बहीण म्हणून ठणकावून सांगते. ओढणी. शाळेचा ड्रेस आहे, ओढणी घ्यावीच लागते, मान्य. पण दोन्ही खांद्यांवर पिना लावून टोकं मागे सोडलेली ओढणी वाऱ्यात सरळ मागच्या चाकाच्या तारांत किंवा चेनीत जाते. ती गळ्याभोवती असेल तर काय होतं ते मला लिहायचं नाही. निघायच्या आधी ओढणी एका खांद्यावरून आडवी घे, दोन्ही टोकं कमरेला दुसऱ्या बाजूला आण, घट्ट गाठ मार आणि उरलेली टोकं गाठीतच खोच. हात वर करून, कमरेत वाकून बघ, काही लोंबत नाही ना. शाळेच्या फाटकाशी सोडून नीट घे. कुणी काही म्हणालं तर म्हणू दे. सलवारचा उजवा पाय चेनीच्या बाजूचा, त्याला रबर लाव. चेनकव्हर निघालेलं असेल तर दुकानात जाऊन बसवून आण, हा खर्च मागायला लाजू नकोस.

रेनकोट घेताना बाह्या असलेला, अंगाबरोबर बसणारा घे. डोक्यातून घालायचा घोंगडीसारखा मोकळा रेनकोट वाऱ्यात फुगतो आणि तुला घेऊन कडेला जातो. एका हातात छत्री, एका हातात हँडल, हे तर कधीच नाही. भिजलेली बरी.

दप्तर पाठीवर घेऊ नकोस. पाठीवरचं दप्तर आडवा वारा पकडतं, वर वजन आलं की तोलही लवकर जातो. ते मागच्या कॅरिअरवर आडवं ठेव आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून तिनं दोन वेढे देऊन आवळ. पंक्चरच्या दुकानात टाकाऊ ट्यूब मिळते. दप्तराचे पट्टे खाली लोंबू देऊ नकोस, तेही चाकात जातात. पुढच्या बास्केटमध्ये डबा आणि पाण्याची बाटली भरलीस की वाऱ्यात हँडल भटकायला लागतं, जड आहे ते मागेच ने. चाकांना शोभेच्या प्लॅस्टिकच्या चकत्या लावल्या असशील तर आषाढापुरत्या काढ, त्यांच्यावर वारा अडतो. टायरमध्ये हवा कडक हवी, मऊ टायरनं अर्धी ताकद रस्त्यातच जाते. आणि सीट. मुलींच्या सायकलींची सीट बहुतेक घरांत फार खाली केलेली असते, पाय टेकायला बरं म्हणून. पायडल तळाला असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी ती वर घे. उलट्या वाऱ्यात या एका बदलाचा जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाचा पडत नाही. लेडीज सायकलवर आपण ताठ बसतो, छाती पुरी वाऱ्याला देतो. वारा समोरून आला की कमरेतून थोडं पुढे वाक, नजर मात्र रस्त्यावर.

आणि एकटी येऊ नकोस. वस्तीच्या बाजूच्या तिघी-चौघी असाल तर शाळा सुटल्यावर एकमेकींची वाट बघा आणि एकामागे एक चाला. शेजारी शेजारी गप्पा मारत जायचे हे दिवस नाहीत. पुढची वारा फोडते, मागचीला तो बराच कमी लागतो. उजनीवर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब हंस तिरप्या रांगेत उडतात ना, त्यामागचं एक कारण हेच. पुढची दमली की तिनं मागे यायचं, दुसरीनं पुढे. सगळ्यात अशक्त मुलीला कायम मागे ठेवा आणि तिच्या वेगानं चला. दोन सायकलींमध्ये एका सायकलीइतकं अंतर हवं, चाकाला चाक लागलं की दोघी पडतात. चौघी मिळून असलात की वाटेत टवाळी करणाऱ्यांचीही हिंमत कमी होते, हे तुला सांगायला नको. तरीही कुणी मागे लागलं तर घरी सांग, आणि तातडीची वेळ आली तर 112 किंवा 1098 लाव. लपवायचं तुझ्याकडून काही झालेलं नसतं.

पाळीच्या दिवसांत उलट्या वाऱ्यात पाय लवकर भरून येतात, कंबर धरते. त्या दिवशी सरळ एसटी धर. राज्य सरकारच्या अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. सायकल असली तरी तो काढून ठेवावा, मी तर म्हणेन प्रत्येकीनं काढावा. शाळा सुटल्यावर पोटात काही घालून मगच निघ, मूठभर शेंगदाणे-गूळ दप्तरात असू दे.

आता न निघायचं कधी, ते सांगते. आषाढाचा वारा दिवसेंदिवस एका दिशेनं वाहतो, त्याच्याशी जुळवून घेता येतं. मे महिन्यातला वळवाचा वारा तसा नाही, तो दिशा सांगून येत नाही. 21 मे 2024 ला संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या कळाशीकडे येणारी बोट उजनीच्या पाण्यात अशाच वादळी वाऱ्यानं उलटली. सहा माणसं गेली, त्यांत लहान मुलंही होती. आपल्या शेजारची गोष्ट आहे ही, तुझ्या घरातही त्या रात्री कुणी जेवलं नसेल. पाणी असो की रस्ता, तो वारा अंदाज चुकवतो. त्या दिवसांत पाणी खाली गेलेलं असतं, पळसनाथाचं जुनं देऊळ उघडं पडतं, गाळाची जमीन सुकून भुकटी झालेली असते. आभाळ एका बाजूनं काळवंडलं, वारा एकदम पडला आणि मग धुळीचा लोट उठताना दिसला, की पाच-दहा मिनिटांत वादळ अंगावर येतं. उन्हाळी वर्ग असोत की क्लास, तेव्हा सायकल सोडून पक्क्या घरात जायचं. बाभळीखाली, निलगिरीखाली, होर्डिंगखाली, पत्र्याच्या शेडमध्ये थांबायचं नाही. पत्रे उडतात, आणि झाडाखाली विजेची भीती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं काढलेलं दामिनी हे ॲप घरातल्या फोनमध्ये घालून ठेव, जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर ते सूचना देतं. डोळ्यांत धूळ गेली तर चोळू नकोस, थांबून पाण्यानं धू. साधा पारदर्शक चष्मा मिळाला तर उत्तमच.

आषाढातही एक हद्द आहे. वाऱ्याचा वेग झाडांवरून ओळखता येतो. बोफर्टच्या मोजपट्टीत तसं दिलेलंच आहे. छोटी झाडं पाल्यासकट डोलायला लागली तर वारा ताशी 29 ते 38 किलोमीटरचा, तेव्हा सांभाळून आणि हळू. लिंबाच्या, वडाच्या मोठ्या फांद्या हलायला लागल्या, तारा शिट्टी घालायला लागल्या, छत्री धरवेना, तर तो 39 ते 49 चा. त्या वेळी सायकल शाळेतच लावून एसटीनं किंवा कुणाच्या तरी सोबतीनं घरी जायचं. चालतानाही वाऱ्याला रेटावं लागत असेल तर वारा 50 च्या पुढे आहे, तेव्हा कुठेच निघायचं नाही.

हे सगळं मी इतकं खोलात का सांगतेय, ते आता सांगते. मला भीती वाऱ्याची नाही. आषाढात मुलगी दोन दिवस दमून येते, एक दिवस बुडवते, मग आठवडा बुडतो, आणि घरात कुणीतरी म्हणतं, राहू दे आता, एवढा त्रास कशाला. तिथून पुढे काय होतं ते आपल्या भागात आपण दोघींनीही पाहिलंय. बिहार सरकारनं 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत मुलींचं नाव दाखल होण्याचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढलेलं दिसलं आणि मुलगे-मुलींमधली दरी सुमारे 40 टक्क्यांनी घटली. शाळा ज्या गावांपासून 3 किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथे फरक सगळ्यात जास्त पडला. म्हणजे तुझ्यासारख्या, वस्तीवरून येणाऱ्या मुलींनाच सायकलीनं शाळेत टिकवलं. तुझी सायकल कुणाची हौस नाही. ती तुझी दहावी आहे, बारावी आहे.

मैत्रिणींपैकी कुणाकडे सायकल नसेल तर जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाची यंदा काही योजना आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारायला तिच्या आईला सांग. फॉर्म भरायला तू मदत कर.

उद्या सकाळी आधी सीट वर करून घे, टायर दाबून बघ आणि नेहमीपेक्षा वीस मिनिटं लवकर निघ. शाळा बुडवायचा विषय घरात निघालाच तर तू वाद घालू नकोस. फोन माझ्याकडे दे, दादांशी मी बोलते.